मूड येण्याची वाट बघू नका: डिप्रेशनमध्ये घरच्या घरी सुरुवात कशी करायची

"पॉझिटिव्ह विचार कर", "देवाचं कर काहीतरी", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "जरा फिरायला जात जा". डिप्रेशन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच हे सगळे सल्ले फुकट मिळतात आणि गंमत म्हणजे त्यातला फिरायला जायचा सल्ला खरंच बरोबर आहे, फक्त जायचं कसं ते कोणी सांगत नाही. ज्याला उठून दात घासेपर्यंत अकरा वाजतात त्याला फिरायला जा म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पर्वती चढ म्हणण्यासारखं आहे. हा लेख त्या 'कसं'बद्दल आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. यातून स्वतः गेलेय, गोळ्याही घेतल्यात, आणि आता नव्याने यात सापडलेल्या लोकांशी बरंच बोलणं होतं, त्यामुळे कुठे गाडी अडते ते माहितीये.

आधी मोजून बघा

उदास वाटणं आणि डिप्रेशन यात फरक आहे. ब्रेकअप झाला, नोकरी गेली, घरात कोणी गेलं की वाईट वाटणारच, ते वाटायलाच पाहिजे. पण दोन आठवडे किंवा जास्त, दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज मन जड असेल किंवा कशातच रस वाटत नसेल आणि जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला कमी लेखणं असं काही चालू असेल तर ते मोजून बघावं. यासाठी 'पीएचक्यू-९' नावाची ९ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला ते विचारतात, अजिबात नाही म्हणजे ०, जवळजवळ रोज म्हणजे ३, एकूण २७ पैकी मार्क. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ जास्त आणि २० पासून पुढे तीव्र. यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतात. पण आकडा तारीख टाकून लिहून ठेवा, कारण महिन्याभराने "मला काहीच फरक नाही" असं मन सांगणारच आहे, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

स्कोअर १५ किंवा त्याच्या पुढे असेल तर खालचं सगळं करा पण डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन मग करा, त्याऐवजी नको.

नववा प्रश्न जगणं नको वाटतंय का याबद्दल आहे. तिथे ० सोडून काहीही उत्तर आलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच एका माणसाला सांगा, बहीण, मित्र, शेजारी, कोणीही चालेल. १४४१६ हा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, रात्री तीनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. ज्या वस्तूची स्वतःलाच भीती वाटतेय ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या आणि एकटे राहू नका. असे विचार येणं हा आजाराचाच भाग आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि धोका आत्ताचाच आहे असं वाटत असेल तर ११२ लावा नाहीतर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

रक्त तपासा

ही पायरी लोक सोडतात. थायरॉइड कमी पडला की थकवा, वजन वाढणं, उदासी, विसराळूपणा असं सगळं हुबेहूब डिप्रेशनसारखं येतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं तर अगदी कॉमन, त्यानेही मूड आणि लक्ष दोन्हीची वाट लागते. बायकांमध्ये हिमोग्लोबिन. व्हिटॅमिन डी पण बघून घ्या. फॅमिली डॉक्टरला सांगितलं की चारही टेस्ट लिहून देतात, एकदाच रक्त द्यायचं. बाकी काही औषधं चालू असतील तर तेही विचारा, काहींमुळे मूड खाली जाऊ शकतो. नुकतंच बाळंतपण झालं असेल तर डॉक्टरना आवर्जून सांगा, पहिल्या आठवड्यातलं रडू येणं वेगळं आणि दोन आठवड्यांच्या पुढे चाललेलं वेगळं, "होतं गं सगळ्यांना" म्हणून सोडून देऊ नये.

आणखी एक. आयुष्यात कधी असे दिवस आले असतील की झोप तीन-चार तास झाली तरी तरतरी, डोक्यात हजार प्लॅन, वारेमाप खर्च, घरचे म्हणत होते की याला झालंय काय, तर ते डॉक्टरना नक्की सांगा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

मुख्य काम: तासांची वही

आता खरं काम. डिप्रेशनचं चक्र असं फिरतं की मूड नाही म्हणून काही करत नाही, काही करत नाही म्हणून चांगलं वाटेल असं दिवसात काही घडत नाही, उलट राहिलेल्या कामांचा ढीग वाढतो, तो बघून आणखी मूड जातो. आपण वाट बघत बसतो की बरं वाटलं की करीन. बरं वाटण्याआधीच करायला लागायचं, मूड मागून येतो. ऐकायला खोटं वाटतं पण यावर अख्खी उपचारपद्धत उभी आहे आणि तिची एक मोठी चाचणी आपल्या शेजारी गोव्यात झालीये. संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या साध्या लोकांकडून, तीव्र डिप्रेशन असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या आणि त्यात मुख्यतः हेच केलं, दिवसात छोटी छोटी कामं परत आणणं. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. तीन महिन्यांनी १०० पैकी ६४ जणांचा पीएचक्यू-९ स्कोअर १० च्या खाली आला होता, ज्यांना फक्त आरोग्य केंद्रातले उपचार मिळाले त्यांच्यात हा आकडा ३९ होता. तिथे समोर बसून विचारणारा माणूस होता हे विसरू नका, म्हणून एकट्याने करताना कोणालातरी वही दाखवत जा.

पहिले चार-पाच दिवस काहीच बदलायचं नाही. नुसतं लिहायचं, दर तासाला काय केलं आणि मूड १० पैकी किती. साधारण असं दिसतं:

८ ते ९, अंथरुणात, मोबाईल – १
९ ते १०, चहा, पेपर नुसता समोर – २
१० ते ११, परत अंथरुणात – १
११ ते १२, दळण टाकायला गेले, गिरणीवाल्या काकूंनी गुडघेदुखीचं पुराण लावलं – ४
१२ ते १, जेवण, कुकर मीच लावला – ३
१ ते ४, आडवी, रील्स – १
४ ते ५, ताईचा फोन – ३

बघा काय दिसतंय. ज्याला आपण आराम म्हणतोय तिथे सगळ्यात कमी मार्क आहेत. गिरणीत जायचं म्हणजे केवढं जिवावर आलं होतं, आणि तिथेच दिवसातले सगळ्यात जास्त मार्क, ४ म्हणजे काही आनंद नव्हे पण १ नक्की नाही. हे दुसऱ्याने सांगून पटत नाही, आपल्या अक्षरात दिसलं की पटतं. बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यात जड जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं, तेही वहीत कळतं, मग अवघड कामं सकाळी ठेवायची नाहीत.

पाचव्या दिवसापासून उद्याच्या पानावर आदल्या रात्री दोन कामं लिहायची. एक असं की पूर्वी आवडायचं, एक असं की उरकलं की बरं वाटेल. दोन्ही लागतात, नुसती कर्तव्यं लिहिली तर तीन दिवसांत वही बंद होते. वेळ घालून लिहा, 'संध्याकाळी फिरणं' असं नाही, '५:३० ला चप्पल घालून सोसायटीच्या गेटपर्यंत'. आणि लहान, लाज वाटेल इतकं लहान. आंघोळ जमत नसेल तर आजचं काम म्हणजे टॉवेल काढून बाथरूमच्या दांडीवर टाकणं आणि गीझर लावणं. एवढंच. बहुतेक वेळा पुढचं होऊन जातं, नाही झालं तरी लिहिलेलं काम झालंय, टिक करायची. भांड्यांचा ढीग असेल तर फक्त वाट्या. कपाट आवरायचं असेल तर एक कप्पा.

टिक करताना प्रश्न एकच, केलं का? मजा आली का हा प्रश्न पहिले दोन आठवडे विचारायचाच नाही, कारण मजा येणार नाहीये. गाणी लावली आणि पूर्वीसारखं काही वाटलं नाही म्हणून लोक घाबरतात की आता हे कायमचं गेलं. चव नेहमीच उशिरा परत येते.

गेटपर्यंत जमलं की कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, मग दहा मिनिटं, मग वीस. आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे मोठ्यांसाठीचं सर्वसाधारण प्रमाण आहे, तिकडे हळूहळू जायचं. जिमची वर्षाची मेंबरशिप या काळात अजिबात घेऊ नका, पैसेही जातात आणि न गेल्याचा अपराधीपणा वर.

विचारांचं काय करायचं

माइंडसेट म्हटलं की लोकांना आरशासमोर उभं राहून 'मी बेस्ट आहे' म्हणणं आठवतं. तसलं काही करू नका, खोटं बोललेलं मनाला लगेच कळतं.

आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली. एलिसने ती १९५५ च्या सुमारास सुरू केली. मुद्दा असा की घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये एक वाक्य असतं, आपणच मनात म्हटलेलं, आणि त्रास बराचसा त्या वाक्याचा असतो. कागदावर तीन रकाने करा. समजा मैत्रिणीला मेसेज केला, निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. हे पहिल्या रकान्यात, जसं घडलं तसं, एवढंच. तिसऱ्या रकान्यात काय वाटलं, छातीत धस्स झालं, दिवसभर जेवले नाही. आता मधला रकाना भरा, मनात नेमकं काय म्हटलं? "मी कोणालाच नकोय." ते वाक्य सापडलं की त्याला कोर्टात उभं केल्यासारखे प्रश्न विचारायचे: पुरावा काय? तिने आणखी कोणाला उत्तर दिलं नसेल याची शक्यता किती? हेच माझ्या बहिणीने मला सांगितलं असतं तर मी तिला काय म्हटलं असतं? आणि समजा खरंच ती रागावली असेल तर 'एक मैत्रीण रागावलीये' इथून 'कोणालाच नकोय' इथे उडी कशी मारली?

मग नवीन वाक्य लिहा. गोड नको, खरं पाहिजे. "उत्तर आलं नाही, कारण माहीत नाही, वाईट वाटतंय, संध्याकाळी फोन करून बघते." मूड ८ होत नाही याने, २ वरून ३ होतो. तेवढा चालतो.

'झालंच पाहिजे', 'मला जमायलाच हवं', 'लोकांनी समजून घ्यायलाच हवं' अशी वाक्यं मधल्या रकान्यात सारखी सापडतात. सगळ्यात जास्त सापडणारं म्हणजे "एवढ्याशा कारणाने कोणी असं पडतं का, मी कमजोर आहे". डिप्रेशन आलंय म्हणून स्वतःवर चिडणं हा वरचा दुसरा थर आहे आणि तो आधी काढावा, त्यानेच जरा श्वास मोकळा होतो.

एक मात्र आहे, रकाने लिहिता लिहिता परत रवंथ सुरू होतं. 'माझ्याच बाबतीत असं का' हा प्रश्न तासभर चघळला तरी उत्तर येत नाही. म्हणून वेळ बांधा, संध्याकाळी पंधरा मिनिटं, टायमर लावून. दिवसात विचार आला तर एक शब्द लिहून ठेवायचा आणि 'सहाला बघू' म्हणायचं. सहाला बसल्यावर अर्ध्या गोष्टी शिळ्या झालेल्या असतात. रात्री अंथरुणात तर हे काम बिलकुल करायचं नाही.

झोप, ऊन, खाणं

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून रात्री कधीही झोप लागो, उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. दुपारची झोप वीस मिनिटांच्या वर नको. चारनंतर चहा-कॉफी बंद (हे मराठी घरात सांगणं म्हणजे भांडण, पण बघा जमतंय का). वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या, अंथरुण हे झोपण्याचं ठिकाण आहे हे शरीराला नव्याने शिकवायचं असतं.

उठल्यावर तासाभरात बाहेरचा उजेड घ्या, चहाचा कप घेऊन गॅलरीत नाहीतर गच्चीत. पावसाळ्यात ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

खाण्यात जादूचा पदार्थ कुठलाच नाही. भूक नसली तरी घड्याळ बघून तीनदा थोडं खा, डाळ-भात, अंडं, दही-पोहे, जे कमीत कमी कष्टात होईल ते. चहा-बिस्किटावर दिवस काढू नका. दारू मात्र थांबवा, दोन पेग घेतल्यावर तासभर बरं वाटतं ते खरं, पण झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी मूड आणखी खाली. रोज आणि भरपूर घ्यायची सवय असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं, डॉक्टरना विचारून कमी करा.

नैसर्गिक आहे म्हणून काहीही घेऊ नका

अश्वगंधा हल्ली सगळे घेतात. ताणासाठी थोडा उपयोग होतो असं दिसलंय पण डिप्रेशनचं औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका, लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थायरॉइडच्या पातळीवर परिणाम होऊ शकतो, आणि गरोदरपणात नकोच. सेंट जॉन्स वर्ट नावाची युरोपातली वनस्पती ऑनलाइन मिळते, तिचा सौम्य-मध्यम डिप्रेशनमध्ये उपयोग होतो हे खरं आहे, पण ती डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकतं, शिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा असर कमी करते. जे काही घेताय ते डॉक्टरना सांगा, ते ओरडले तरी सांगा.

आणि "इगतपुरीला जाऊन ये, विपश्यना कर" हा सल्ला तर प्रत्येकाला मिळतो. विपश्यना चांगली असेल, पण दहा दिवस मौन, फोन नाही, दिवसभर बसून आत बघणं हे डिप्रेशन ऐन भरात असताना झेपत नाही. तिथले लोकही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर न करण्याबद्दल सांगतात, फॉर्ममध्ये तसा प्रश्न असतो, तो खरा भरा. बरं वाटायला लागल्यावर ध्यान जरूर करा. सध्या पाच मिनिटं श्वास मोजला, किंवा भांडी घासताना पाण्याचा गार-गरमपणा नुसता अनुभवला, तरी पुष्कळ.

घरच्यांना काय सांगायचं

लांबलचक समजावत बसू नका, तेवढी ताकद नसते. एक वाक्य पुरे: "आई, मला बरं नाहीये, ताप नाही पण आजारच आहे, मला सल्ला नको, रोज साडेपाचला माझ्याबरोबर गेटपर्यंत चल." माणसाला नेमकं काम दिलं की तो सल्ले देणं कमी करतो. बाबा नावाची व्यक्ती बहुतेक घरांत यावर काहीच बोलणार नाही आणि दुसऱ्या दिवशी येताना फळं घेऊन येईल, ते मोजा.

डॉक्टरकडे कधी

चार आठवडे वही चालवून पीएचक्यू-९ परत भरा. स्कोअर पाच-सहाने खाली आला असेल तर चालू ठेवा. तिथेच असेल किंवा वाढला असेल, कामावर जाणं बंद पडलं असेल, खाणं सुटलं असेल तर सायकियाट्रिस्टकडे जा, आणि खाणं सुटलं असेल किंवा नवव्या प्रश्नाला ० सोडून काही उत्तर असेल तर चार आठवडे थांबायचं नाही. पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे बाहेरून दाखवून घरी जाणारेच खूप असतात, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. जाताना वही आणि रक्ताचे रिपोर्ट न्या, दहा मिनिटांच्या भेटीत सगळं आठवत नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ वगैरे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच येतो, म्हणून लोक नेमके चुकीच्या वेळी सोडतात. सुरुवातीच्या दिवसांत फार अस्वस्थ वाटलं किंवा नको ते विचार वाढले तर लगेच फोन करा. झोपेच्या गोळीची सवय लागू शकते, डिप्रेशनच्या गोळीची तशी तलफ लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर आणि झिणझिण्या येऊ शकतात, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात.

बरं वाटायला लागलं की त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आपली सुरुवातीची लक्षणं लिहा, आपलीच, पुस्तकातली नाही. कोणाचं फोन उचलणं बंद होतं, कोणाचं केस विंचरणं सुटतं, कोणी झाडांना पाणी घालायचं विसरतं. त्या पानाचा फोटो काढून एका माणसाला पाठवा आणि सांगा, यातल्या दोन गोष्टी माझ्यात दिसल्या तर मला विचारायचं, "वही कुठेय?"